एका बारावर दुसरा बार

दामू, तुला पळपुटा म्हणणारी मी, तुझी आक्का, एकटीच उरले होते. गावातले बाकीचे म्हणणारे केव्हाच गेले. आता तूही गेलास.

परवा रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी शाळेच्या कॅफेटेरियात तुझ्यासाठी सभा घेतली. तुझा फोटो टेबलावर ठेवला, हार घातला. एकजण उठून म्हणाला, मामा म्हणजे धगधगती मशाल होते. तुला एक विडी पेटवायला तीन काड्या लागायच्या. मी खुर्चीवर बसून ऐकून घेतलं. सभा संपल्यावर सेक्रेटरीबाई जवळ आली. म्हणाली, "मावशी, स्मरणिकेसाठी मामांवर दोन पानं लिहून द्या ना. तुमच्या मिस्टरांच्या हौतात्म्याबद्दल पण येऊ दे. मुलांना काहीतरी इन्स्पायरिंग मिळेल." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत झालीय. ती म्हणाली, मनातलं लिहा, आम्ही बाकीचं बघतो.

तर मनातलं लिहिते. तुला सांगायची एक गोष्ट राहिली आहे. विसरले म्हणून राहिली नाही. चाळीसहून जास्त वर्षं मी ती मुद्दाम सांगितली नाही, आणि ज्या दिवशी सांगायलाच हवी होती त्या दिवशीही सांगितली नाही. इथं सांगणार आहे. पण आधी त्या मैदानावरचं लिहायला हवं, कारण तुझं तोंड तिथं उघडलं.

आपण गेलो ते माझ्या नातीच्या, मीनलच्या शाळेमुळे. इथं अमेरिकेत लोकांनी इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य घेतलं, त्यातली आपल्या भागातली एक लढाई दरवर्षी माणसं सोंगं घेऊन करून दाखवतात. ती बघून मीनलला निबंध लिहायचा होता. माझ्या प्रकाशनं आपल्या दोघांना मागच्या सीटवर बसवलं. तू डोक्याला तुझी पांढरी टोपी, अंगात प्रकाशचं जुनं जाकीट आणि पायात त्याचे दोन नंबर मोठे बूट घातले होतेस. पार्सिपनीहून तासाभरावर एक मोठं कुरण, मध्ये ओढा, त्यावर लाकडी पूल. दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे लोक खुर्च्या टाकून बसलेले, काहीबाही खात होते.

पुलाच्या एका बाजूला इंग्रज झालेले लाल कोटवाले, ढोल वाजवत, रेघेत उभे. दुसऱ्या बाजूला पंचवीसतीस माणसं, ज्याला जे सापडलं ते घातलेलं.

"हे मिलिशिया, मामाआजोबा," मीनल म्हणाली. "नॉट रिअल सोल्जर्स. फार्मर्स. घरून गन आणायची, फाइट करायची, देन गो होम."

"शेतकरी, मामा," प्रकाश म्हणाला.

"म्हंजे आमीच की," तू म्हणालास, आणि खुर्ची दोरीजवळ ओढलीस.

मग तू त्यांच्या बंदुका बघायला लागलास. ठासणीच्याच होत्या, आपल्या आबांच्या बंदुकीसारख्या. फक्त आबांच्या बंदुकीला वरून ठिणगीची टिकली, केप, लागायची आणि यांची चकमकीवर चालत होती. तू मला सांगायला लागलास, जसं काही मला माहीतच नाही. नळीत दारू ओतायची, चिंधी, छर्रे, गजानं ठासायचं, मग बार. एक बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. "तवर समोरचा संगीन घिऊन पोटापत्तुर येतो," तू म्हणालास. "यांच्याकडं संगिनी न्हाईत, बग."

खरंच नव्हत्या. शेतकऱ्यांनी एकदा बार काढले. धूर झाला, तीनचार लाल कोटवाले पडले. बाकीच्यांनी मधली जागा भरून काढली आणि चालत राहिले. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. तसं चालत येणारं माणूस ओरडत येणाऱ्यापेक्षा वाईट. पूल ओलांडल्यावर त्यांनी संगिनी खाली केल्या. एक शेतकरी गुडघ्यावर बसून हात वर करून होता, त्याला एकानं पोटात भोसकल्यासारखं केलं, उपसलं, पुन्हा भोसकलं. त्यानं सदऱ्याखाली रंगाची पिशवी ठेवली होती, ती फुटली. एकाचं डोकं बंदुकीच्या दस्त्यानं फोडलं. मीनल तिच्या पुस्तकात बघून म्हणाली, "रिअलमध्ये पण असंच झालं, आजी. सरेंडर केलेल्यांना पण मारलं. मग घरं जाळली." माझं तोंड बघून म्हणाली, "इट्स जस्ट प्रिटेंड, आजी."

मी म्हटलं, मला माहीत आहे. आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते.

सोंग होतं, पण चांगलं वठवलं होतं. फक्त आवाज खोटे होते. माणसाच्या डोक्यात दस्ता बसला की एवढा मोठा आवाज येत नाही. चळवळीत आपली पोरं खिंडीत इंग्रजांच्या पोलिसांशी भिडली, त्या दिवसानंतर पोलीस आमच्या घरात शिरले तेव्हा सासूबाई दारात आडव्या झाल्या. एकानं त्यांच्या हातावर दस्ता घातला. आवाज एवढासाच आला, कोरडा. मला वाटलं दाराची कडी मोडली. हात त्यानंतर वाकडाच राहिला, त्याच हातानं त्या पंधरा वर्षं भाकरी थापत होत्या. आणि आपल्या पोरांनीही काही फुलं उधळली नाहीत. तुम्ही त्या खबऱ्याला शाळेमागं बांधून त्याची पावलं पहारीनं मोडलीत. मी त्याला पाणी दिलं म्हणून तुझे दाजी माझ्यावर धावून आले होते. सभेत हे कोणी बोललं नाही. त्या खबऱ्याला तीन पोरं होती आणि तो नंतर ढुंगणावर सरकत बाजारात यायचा, हे तुलाही आठवत होतं, मलाही.

मैदानावरचे शेतकरी मग पळायला लागले. काही कुंपणाकडे गेले, काही झाडांमागे. मला तेवढंच पाहिजे होतं.

"पळाले बघ," मी म्हटलं. "तुझेच भाऊबंद."

प्रकाश पुढून म्हणाला, "आई, प्लीज. आज नको."

तू कुंपणाकडे बघत होतास. तिथं पाचसहा शेतकरी थांबून उलटे फिरले होते, दुसरा बार काढायला. त्यातल्या एका जाड्या, लाल दाढीवाल्या माणसानं बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला. सगळ्यांचे बार एकदम झाले, धूर झाला. त्यानं बंदूक खाली घेतली आणि पुन्हा नळीत दारू ओतायला लागला.

तू उठलास. खुर्ची मागं पडली. दोरीखालून वाकून तू आत गेलास आणि पळायला लागलास, त्या मोठ्या बुटांतून, एका हातानं टोपी धरून. लाल कोटवाल्यांच्या समोरून, त्यांच्या संगिनींच्या नि शेतकऱ्यांच्या मधून. "आरं थांब," ओरडत होतास, "आत हाय अजून. उडला न्हाई त्यो. ओतू नगंस." मराठीत. लोकांना वाटलं हेही सोंगातलंच, ते हसायला लागले. प्रकाश "मामा, मामा" करत तुझ्यामागे धावला. एका लाल कोटवाल्यानं तुला शिवी दिली. तू सरळ त्या दाढीवाल्यापाशी गेलास आणि त्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरलीस. तो तुझ्या दुप्पट होता. त्यानं तुला असा हिसडा दिला की तू गुडघ्यावर आलास, पण नळी सोडली नाहीस.

प्रकाश पोचला आणि त्यानं इंग्रजीत सांगितलं. दाढीवाला चिडून काहीतरी म्हणाला. मग त्यानं तुला दाखवायला म्हणून गज काढून नळीत सोडला. गज जेवढा आत जायला पाहिजे तेवढा गेला नाही. मी लांबून बघत होते. त्या माणसाचा चेहरा पांढरा झाला. त्यानं बंदूक हळूच गवतावर ठेवली आणि तुझ्याशेजारी खाली बसला.

चकमकीनं नुसता नळीबाहेरच्या कानातल्या चिमूटभर दारूचा धूर काढला होता, नळीतला बार उडालाच नव्हता. एवढ्या धुरात, एवढ्या गलक्यात, तू चाळीस पावलांवरून ते ओळखलंस.

मग त्यांचा मुख्य माणूस आला. तुझा हात हातात घेऊन बराच वेळ बोलला. मीनल तुझ्याकडे असं बघत होती जसं याआधी कधी बघितलं नव्हतं. "मामाआजोबा, हाउ डिड यू नो?" तिनं दोनदा विचारलं. त्या लोकांनी प्रकाशला काही कागद भरायला बसवलं, मीनल त्याच्याबरोबर राहिली. आपण दोघं गाडीत जाऊन बसलो.

तू म्हणालास, "आक्का, दाजींना पोलिसाची गोळी लागली न्हाई."

मी खिडकीबाहेर बघत होते.

"पयला बार उडलाच न्हवता. नुसती केप वाजली. वरनं आपल्या पोरांची दगडं, खालनं रायफली, बोंबाबोंब. मला वाटलं उडला. दाजींनी बंदूक मागं दिली, म्हनले, भर. मी भरली. गज घातला तर चार बोटं वरच राह्यला. मला दिसलं, आक्का. दिसलं, पर हात थांबला न्हाई. केप लावली नि दिली त्यांच्याकडं."

मग म्हणालास, "नळी फुटली. त्यांचा हात माज्यासमोर पडला. मी पळालो ते पोलिसांना भिऊन न्हाई पळालो."

एवढं बोलून तू माझ्याकडे बघत बसलास. तुझ्या गुडघ्याला गवत लागलं होतं, तळहात खरचटले होते. मी बोलायला पाहिजे होतं.

मी म्हटलं, "काच वर कर. गार वारं येतंय."

तू हँडल फिरवून काच वर केलीस. मग प्रकाश आला.

आता ती गोष्ट. दामू, मला माहीत होतं.

तुझ्या दाजींना वैरणीच्या गाडीत कडब्याखाली घालून आणलं. पोलीस यायच्या आत दहन उरकायचं होतं. पुरुषमाणसं लाकडं रचायला गेली. मी आणि सासूबाई, आम्ही दोघींनी त्यांना धुतलं. सासूबाईंना रडण्यात काही दिसत नव्हतं. मला दिसलं. डावा हात मनगटापासून नव्हता. गळ्याच्या डाव्या बाजूला मोठी जखम, कडा जळलेल्या, कातडीत दारूचे काळे ठिपके. गोळी अशी नसते. मी जखमेत बोट घातलं तर लोखंड लागलं. वाकडा, पातळ तुकडा होता, नळीचा. खिंडीत नेलेली ती आबांची बंदूक मी लहानपणापासून पुसलेली होती, मला तिचं लोखंड कळत होतं. मी तो तुकडा काढून परसातल्या विहिरीत टाकला. गळ्याला फडकं गुंडाळलं. बाहेर आले तर लोक म्हणत होते, छातीवर गोळी झेलली. मी म्हटलं, हो.

बंदूक कोण भरायचं हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुझ्याइतका ठासायला कोणी नव्हता, नेम दाजींचा आणि ठासणं तुझं. तुझं ठासणं चुकलं, एवढा हिशोब मला अंगणातच लागला.

तू त्यांच्या दहनाला नव्हतास. बाराव्या दिवशी दारात येऊन उभा राहिलास. दाढी वाढलेली, तोंडातून शब्द नाही. गल्लीतली माणसं बघत होती. तू तोंड उघडलंस. काय बोलणार ते मला कळलं, आणि तू बोलायच्या आत मी मोठ्यानं म्हटलं, "पळपुटा." सगळ्या गल्लीनं ऐकलं. तू तोंड मिटलंस. मला तेच हवं होतं. तू तेव्हा बोलला असतास तर तुझे दाजी आपल्याच बंदुकीनं मेलेले झाले असते. लोक तोंडावर हळहळले असते आणि पाराखाली हसले असते. माझ्या मांडीवर आठ महिन्यांचा प्रकाश होता. त्याला मी काय सांगणार होते?

तुझ्यावरचा रागही होता. तो नव्हता असं लिहिलं तर खोटं होईल. तुला बघितलं की मला त्यांचं मनगट दिसायचं.

पण राग काही चाळीस वर्षं टिकत नाही. राग पाचसहा वर्षांत गेला. त्यानंतर जे होतं ते मी आज पहिल्यांदा लिहिते. तू माझं शेत नांगरायचास. प्रकाशला तालुक्याच्या हॉस्टेलात तू पोचवायचास, दर आठवड्याला भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन सात मैल चालायचास. तो इंजिनिअर झाला तो तुझ्या पायांवर झाला. तू लग्न केलं नाहीस. लोक म्हणायचे देशासाठी राहिला. मला माहीत होतं कशासाठी राहिलास. तुला वाटत होतं की मला काही माहीत नाही आणि जेव्हा कळेल तेव्हा मी तुला दारात उभं करणार नाही. त्या भीतीनं तू राबत होतास. मी एक वाक्य बोलले असते तर तू मोकळा झाला असतास. मोकळा झालेला माणूस आपला संसार बघतो. म्हणून मी बोलले नाही. आणि तू थोडा हसलेला, सैल झालेला दिसलास की मी पुन्हा म्हणायची, पळपुटा.

गावात शाळेपुढं दगड बसवला, त्यावर दाजींचं नाव आहे. झेंडावंदनाला मला पुढं बसवायचे. तू मागं उभा राहायचास, मुलांच्याही मागं. मला दिसायचास.

मैदानावरून आल्यानंतर तू तीन आठवडे जगलास. रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसायचास. कधी लसूण सोलायचास, कधी कोथिंबीर निवडायचास. तुला लसूण हवा नव्हता. तू माझ्या उत्तराची वाट बघत होतास. मी तुला विचारलं भाजीत मीठ आहे का. मी तुला विचारलं मोजे धुवायला टाकलेस का. एकदा तू म्हणालास, "आक्का, त्या दिवशी गाडीत..." आणि मी कुकरकडे वळले.

मग एका सकाळी तू दाढी करता करता बाथरूममध्ये पडलास. अर्ध्या तोंडाला साबण तसाच होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी छातीवर बसून तुझ्या बरगड्या मोडल्या, तरी तू परत आला नाहीस. फ्युनरल होममधल्या माणसानं उरलेली दाढी केली आणि तुझ्या गालांना पावडर लावली. आयुष्यात तू एवढा गोरा कधी नव्हतास. दाढीवाला तिथं आला होता. प्रकाशनं त्याला कळवलं होतं. काळा सूट घालून मागच्या बाकावर बसला होता, एकटाच, आणि आपल्यापैकी कोणापेक्षाही जास्त रडला.

हे सगळं काल मी प्रकाशला वाचून दाखवलं. छापायच्या आधी त्याला कळायला हवं होतं. तो जेवणाच्या टेबलाशी बसून शेवटपर्यंत ऐकत होता. मला वाटलं बाबांबद्दल विचारेल.

त्यानं विचारलं, "मामांना माहीत होतं? तुला माहीत आहे ते?"

"नाही."

"त्यांनी तुला गाडीत सांगितलं, तेव्हा पण तू नाही बोललीस?"

"नाही."

"ही रेज्ड मी, आई," तो म्हणाला. "ते पावसात गाठोडं घेऊन यायचे. पायाला चिखल. वॉर्डन त्यांना आत घ्यायचा नाही. मी खिडकीतून बघायचो. आणि तुला सगळं माहीत होतं."

मी म्हटलं, "तू शिकत होतास."

तो म्हणाला, "माझ्यावर नको घालूस."

बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, "नाही घालत. मीच केलं." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "हे खरंच छापायला देणार? बाबांचं नाव आहे त्या दगडावर." मी म्हटलं, "असू दे की. लढायलाच गेले होते, खिंडीत काही लग्नाला गेले नव्हते. लढाईत माणूस कसंही मरतं." तो उठून बाहेर गेला आणि अंगणातली पानं ओढत बसला. आज सकाळपर्यंत माझ्याशी बोललेला नाही. बोलेल, नाहीतर नाही बोलणार. तुझ्याशी मी जेवढं कमी बोलले त्या मानानं काहीच नाही.

आता गाडीतलं तुझं उत्तर देते. तुझी चूक झाली. गज चार बोटं वर राहिलेला दिसला आणि तू थांबला नाहीस. ते मी पुसू शकत नाही आणि तुला बरं वाटावं म्हणून पुसणारही नाही. पण त्या दाढीवाल्याला मी नीट बघितलं. बंदूक त्याच्याच खांद्याला होती. बार उडाला तर खांद्याला दणका बसतो, नाही उडाला तर बसत नाही. भरणाऱ्याच्या आधी ते धरणाऱ्याला कळायला हवं. भीतीनं त्याला कळलं नाही. तुझ्या दाजींनाही भीती वाटली होती. ते माझे यजमान होते, चांगले होते, नेम चांगला होता, आणि त्या दिवशी ते भ्याले होते. हे गावात कोणी म्हणालं नाही, मीही नाही.

खांद्याला दणका बसला नाही, दामू. त्यांनी तुला भर म्हणायला नको होतं.